गॅरेजातली दुसरी सही

आमच्या मंडळाच्या वार्षिक अंकात आमच्या ह्यांच्यावर एक लेख आला होता. ‘छंदातून आनंद’. वाचून माझं डोकंच फिरलं. छंद म्हणे! छंद म्हणजे लोक नाणी जमवतात, गच्चीवर गुलाब लावतात. ह्यांचं जे काय आहे ते त्यात बसत नाही. आणि आनंदाचं म्हणाल, तर त्या आनंदापायी गेल्या जानेवारीत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्याचा त्या लेखात पत्ताच नाही. फोटो मात्र हा एवढा मोठा, जीपच्या बॉनेटवर हात ठेवून हसताना. एरवी हे हसतात कधी? म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

हे म्हणजे विद्याधर सबनीस, वय एकोणसत्तर. मी त्यांची बायको कल्पना. बंगळुरात महादेवपुऱ्यात आमचं घर आहे. गल्लीतल्या एकूण एक घराचा तळमजला आयटीतल्या पोरापोरींना भाड्यानं दिलेला, आमच्या तळमजल्यावर गाड्या राहतात. लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा, जोंगा, कधी एखादा अख्खा ट्रक. जोंगा म्हणजे जीपची थोरली बहीण समजा, तीही लष्करातलीच. येतात तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही. पत्र्याला भोकं, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि वास तर विचारू नका. हे त्यांचा शेवटचा नट सुटेपर्यंत त्या उघडतात, गंज घासून काढतात, रंगवतात, नवे ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग घालतात आणि पुन्हा जोडतात. एका गाडीला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून दोन-तीन एकदमच उघडलेल्या असतात. तोवर जेवायला हाक मारायची तर गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांना मारायची.

निवृत्त होईपर्यंत हे एका सरकारी विमान कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. छत्तीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरात तरी वेगळा कसा वागणार? लग्न होऊन मी सांगलीहून इथं आले, त्या पहिल्या दिवशी ह्यांनी काय केलं असेल, तर माझ्या ट्रंकेची कडी दोनदा ओढून पाहिली, नीट बसते का म्हणून. मी मनात म्हटलं, झालं आपलं कल्याण.

गॅरेजातही कारखान्याचेच नियम. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाला दोऱ्यानं लाल कार्ड बांधायचं. तो भाग तपासून पास झाला की लाल कार्ड काढून हिरवं बांधायचं. ‘चालतंय की’ हे शब्द तिथं उच्चारायचे नाहीत. आणि सगळ्यात वरचा नियम दोन सह्यांचा. विमानात पायलटच्या हातापायाशी जोडलेलं जे काही असतं, त्याचं काम एका माणसाच्या सहीवर पास होत नाही म्हणे. एकानं काम करून सही करायची. दुसऱ्यानं, त्यानं काहीच नीट केलेलं नाही असं धरून चालायचं, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी सगळं पहिल्यापासून तपासायचं, आणि मगच सही करायची. गाडीत हा नियम ह्यांनी ब्रेक आणि स्टिअरिंगला लावला होता. त्यासाठी जाड बांधणीची एक वही होती. वहीत दोन्ही सह्या झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो.

दुसरी सही मल्हाररावांची असायची. मल्हारराव इथलेच, त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आलं. मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड मिसळून, ‘नीट’ला ‘सरी’ म्हणतात. उभा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात गेला होता त्यांचा. चहाचा घोट घेऊन गाडीखाली शिरायचे आणि आतून आवाज यायचा, “अण्णा, हे सरी नाही बसलं. स्वल्प काढून पुन्हा घाला की.” हे चिडायचे, “बसलंय, पुन्हा बघा!” मल्हाररावांचं आपलं एकच, “माझी सही पाहिजे तर काढा.” अर्धा तास भांडण चालायचं आणि शेवटी हे काढायचे. मला वाटायचं, या दोघांना भांडल्याशिवाय अन्न पचत नाही.

दोन वर्षांपूर्वी मल्हाररावांचे गुडघे गेले आणि ते तुमकुरूला मुलीकडे राहायला गेले. आता दुसरी सही कुणाची? बाहेरचा मेकॅनिक ह्यांना चालेना. त्याला ‘चालतंय की’ची सवय. आठ दिवस तोंड पाडून बसले आणि नवव्या दिवशी मला म्हणाले, “कल्पना, तू कर.”

मी? मला हसूच फुटलं. पण हे हसले नाहीत. गॅरेजात जुनी सतरंजी अंथरली, मला आडवं केलं, हातात बॅटरी दिली आणि पंधरा दिवस शिकवलं. स्टिअरिंगच्या दांड्यांना चार सांधे असतात. प्रत्येक सांध्याला एक नट. त्या नटाला वरून खाचा असतात आणि बोल्टला आडवं भोक. खाच आणि भोक जुळवून त्यातून एक दुपदरी पिन घालायची आणि तिचे दोन पाय दोन बाजूंना दुमडायचे. म्हणजे गाडी कितीही हादरली तरी नट फिरत नाही. पिन नसेल तर नट हळूहळू सैल होतो, एक दिवस गळून पडतो, आणि मग चालकाच्या हातात नुसतं चाक राहतं. खालची चाकं त्यांना वाटेल तिकडं जातात. डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं पिन ओढून बघायची, कारण ग्रीसमध्ये डोळे फसतात. माझी परीक्षा घेतली. पास झाले. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला “हुशार आहेस” म्हणाले.

आता माझी नोकरी सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मीही सरकारीच, पण कचेरीतली. आमच्या कचेरीत प्रत्येक कागदावर चार सह्या लागायच्या. वाचायचं ते पहिल्यानं. पुढच्या तिघांनी आधीची सही आहे ना, एवढंच बघायचं आणि खाली आपली करायची. सत्तावीस वर्षं मी दिवसाला शंभर सह्या केल्या, एकीनंही कुणाचं वाकडं झालं नाही. ह्यांच्या कारखान्यात दुसरी सही म्हणजे पहिल्या सहीवर अविश्वास. आमच्या कचेरीत दुसरी सही म्हणजे पहिल्या सहीला नमस्कार.

तर मी नमस्कार केला. पहिली गाडी झाली, हे वही घेऊन वर आले. आमटीला उकळी फुटत होती. “बघून आलीस?” “आले.” सही. म्हटलं, जो माणूस पोळीचा काठ जाड झाला तर सांगतो, त्याच्या हातून नट सुटणार आहे होय? त्यात त्या सतरंजीवर आडवं झालं की माझी कंबर धरायची. श्रीकांतची जीप गेली एचएसआर लेआउटला. कृष्णातची जीप गेली चिकमगळूरला, त्याच्या कॉफीच्या मळ्यात. मुकुलची जोंगा गेली हेब्बाळला. तीन गाड्या, तीन सह्या, आणि मी एकाही गाडीखाली शिरले नव्हते.

मुकुलची जोंगा गेली त्यानंतर चौथी गाडी उभी राहिली, अभिराज नावाच्या एका मुलाचा लष्करी ट्रक. जानेवारीतल्या एका सोमवारी तो द्यायचा होता. त्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी मी ह्यांना कॉफी दिली. स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, मी स्वतः पदरानं धरून आणलेला. ह्यांनी तो उघड्या बोटांत धरला आणि पेपर वाचत राहिले. मी बघत्येय, आता ठेवतील, मग ठेवतील. कुठलं काय! संपवूनच ठेवला. दुपारी जेवताना पाहिलं तर दोन बोटांना टरारून फोड आलेले.

“हे काय?” मी विचारलं.

“कुठं काय?” म्हणाले, आणि बोटांकडे असे बघायला लागले जशी काही ती शेजाऱ्याचीच.

तेव्हा मला आदल्या दिवशीचं आठवलं. मी चहा द्यायला खाली गेले होते. हे पिन घेऊन गाडीखाली वाकले, हात नटापर्यंत नेला आणि बोटं चिमटीत धरून फिरवायला लागले. चिमटीत काहीच नव्हतं. पिन केव्हाच खाली पडली होती, माझ्या पायाशी. मी उचलून दिली तर म्हणाले, “अरे, पडली वाटतं.” मी तेव्हा नुसती हसले होते.

जेवण झाल्यावर हे नेहमीप्रमाणे पडले. मी बॅटरी घेतली आणि खाली गेले. सतरंजी अंथरली, कंबरेला चार शिव्या दिल्या आणि ट्रकखाली शिरले. पहिला नट, पिन आहे. दुसरा, आहे. तिसरा, आहे. चौथ्याच्या खाचेत नुसतं ग्रीस. बोट फिरवलं, भोक हाताला लागलं. पिन नव्हती. बाहेर येऊन पाहिलं, तर तिथल्या टेबलावर वही उघडी होती. चारही सांध्यांपुढे ह्यांच्या बरोबरच्या खुणा आणि खाली टपोरी सही, माझ्या सहीची जागा तेवढी मोकळी.

पिनांचा डबा तिथंच होता, पक्कडही तिथंच. दोन मिनिटांचं काम. घालून, पाय दुमडून वर आले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला बोलू, मी डबा उघडलासुद्धा. कारण लाल कार्ड लावलं तर पुढचं मला दिसत होतं. गॅरेज बंद. हा माणूस मग खुर्चीत बसणार. आणि खुर्चीत नुसता बसलेला विद्याधर मी कधी पाहिलेला नाही, मला पाहायचाही नाही. पण ही पिन मी घातली, तर पुढच्या गाडीतली कोण घालणार? आणि ती सापडली नाही तर? डबा बंद केला. लाल कार्ड घेतलं, त्या सांध्याला बांधलं आणि वर येऊन चहा टाकला. साखर अर्धी ओट्यावर सांडली.

हे चार वाजता खाली गेले. मी मागोमाग गेले.

“हे कार्ड कुणी लावलं?”

“मी.”

गाडीखाली गेले, बराच वेळ आतच राहिले. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. बोटांच्या टोकांना जूनपासून काही लागत नव्हतं. साखरेमुळं नसा गेल्यात असं डॉक्टर म्हणाले होते. आधी टोकंच होती, आता मधल्या पेरापर्यंत आलं होतं.

“जूनपासून?” माझा आवाज चढला. “आणि मला आज सांगताय? मी कोण आहे या घरात, भाडेकरू?”

“काम थांबवणारच होतो,” हे म्हणाले. “मग म्हटलं, दुसरी सही आहे ना. माझ्याकडून एखादं राहिलं तरी तुझ्या हाताला लागेल. मल्हाररावांपेक्षा तुझे हात बारीक आहेत, तुला चांगलं कळतं. त्या भरवशावर करत राहिलो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बघ, आज लागलंच की तुझ्या हाताला. आधीच्या तिन्ही गाड्यांत काही निघालं नव्हतं ना, म्हणून मला वाटलं, अजून जमतंय.”

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. माझ्या नमस्काराच्या भरवशावर हा माणूस बधिर बोटांनी स्टिअरिंगं जोडत होता.

“अहो,” मी म्हटलं, “त्या मी बघितल्या नव्हत्या.”

“कुठली?”

“एकही नाही.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत होते. ह्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फोन उचलला.

श्रीकांत घरीच होता. आम्ही तडक एचएसआरला गेलो आणि त्याच्या पार्किंगमध्ये मी जीपखाली शिरले. चारही पिना जागच्या जागी. ती जीप जूनच्या आधीची होती, तरी मी एकेक पिन ओढून पाहिली. कृष्णात मळ्यात राहणारा, हातात सदा पाना असलेला माणूस. त्यानं चारी पिना ओढून पाहिल्या आणि नटांचे फोटो पाठवले, ठणठणीत होते. राहिली मुकुलची जोंगा. ती ऑक्टोबरात गेलेली. मुकुलचा फोन लागेना. आठ वाजता नाही, नऊ वाजता नाही. रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

रविवारी उजाडताच हेब्बाळला त्याच्या इमारतीत पोचलो. वॉचमन म्हणाला, “सार पहाटेच गेले. मोठी गाडी घेऊन. मॅडम, दोन मुलं, सगळे. नंदी बेट्टाला, सूर्योदय बघायला.”

कर्म माझं! नंदीचा डोंगर म्हणजे एकामागून एक वळणं. चढताना गाडी हळू असते, निभून गेलं असेल. उतरताना? आमची छोटी गाडी मी चालवत होते. ह्यांच्या हातात त्या दिवशी मला स्टिअरिंग द्यायचं नव्हतं, आणि ह्यांनी मागितलंही नाही. हे मांडीवर फोन ठेवून दर दोन मिनिटांनी नंबर लावत होते. देवनहळ्ळी मागं टाकली आणि फोन लागला.

“मुकुल, गाडी कुठं आहे?”

“गुड मॉर्निंग काका! वर पार्किंगमध्ये आहे. आम्ही आता निघतोच आहोत खाली, ब्रेकफास्टला.”

“गाडी हलवू नकोस. चावी खिशात ठेव. आम्ही येतोय.”

“काका, एनी प्रॉब्लेम?”

“येऊन सांगतो. हलवू नकोस.”

माझ्या जिवात जीव आला, म्हणजे अर्धा आला. घाट चढताना मी म्हटलं, “काय सांगायचं त्याला? रूटीन तपासणी आहे म्हणू या. आपण सगळ्यांच्याच गाड्या बघतोय म्हणू.” हे खिडकीबाहेर बघत होते.

वर रविवारची ही गर्दी. माकडं, कणसं, सेल्फी. जोंगा एका कडेला उभी, ऑलिव्ह रंगाची, झकास दिसत होती मेली. मुकुल आणि त्याची बायको अमृता पुण्याचे, दोघंही आयटीतले. मुलं टायरवर चढून खेळत होती. हे सरळ मुकुलसमोर जाऊन उभे राहिले.

“माझ्या बोटांना सात महिने काही कळत नाही,” म्हणाले. “मी हे लपवलं आणि तशात तुझं स्टिअरिंग जोडलं. ते बरोबर जोडलंय की नाही, मला माहीत नाही. चूक सगळी माझी आहे.”

सगळी माझी! माझ्याबद्दल अक्षर नाही. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहून काढणारा माणूस, आणि माझी तेवढी गाळली. मला तिथंच रडू फुटलं.

“सगळी नाही,” मी म्हटलं. “वहीत तपासल्याची सही माझी आहे, आणि मी न बघता केली होती.”

मुकुल एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. अमृतानं मुलांना टायरवरून खाली ओढलं. मी वाट न बघता सतरंजी टाकली आणि गाडीखाली शिरले. लोक बघायला जमले, जमू देत. पहिली पिन, आहे, घट्ट. दुसरी, घट्ट. तिसरी, घट्ट. चौथी दिसत होती, ग्रीसमध्ये मस्त बसलेली. नुसत्या डोळ्यांनी मी तिला पास केलं असतं. चिमटीत धरून ओढली तर लोण्यातून सुरी निघावी तशी हातात आली. पाय दुमडलेच नव्हते. बोटांना कळलंच नसणार. मग नटाला हात लावला, तर तो पान्याशिवाय अर्धा फेरा फिरला.

बाहेर येऊन मी ती पिन मुकुलच्या तळहातावर ठेवली. काय आहे ते ह्यांनी त्याला सांगितलं. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

“काका,” अमृता म्हणाली. “माझी मुलं आहेत यात. आम्ही गेल्या महिन्यात कोडगूला जाऊन आलो.”

“हो,” हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिनं शिव्या घातल्या असत्या तरी आम्ही खाली मान घालून ऐकल्या असत्या. तिनं मुलांचे हात मात्र घट्ट धरून ठेवले.

मग ह्यांनी बरोबर आणलेली हत्यारांची पेटी उघडली आणि पाना माझ्या हातात दिला. “तू घाल. मी सांगतो.” नट आवळला, खाच जुळवली, नवी पिन घातली, पाय दुमडले. आयुष्यात पहिल्यांदा. हातांना ग्रीस, कपाळाला ग्रीस. मी बाहेर आले आणि हे आत गेले. बोटं गेली होती, पण डोळे शाबूत होते. बॅटरी आणि एक लहान आरसा घेऊन अंगठ्याएवढ्या जागेकडे पाच मिनिटं बघत होते.

“काढ,” आतून म्हणाले. “एक पाय पुरता वळलेला नाही.”

काढली. दुसरी घातली. पुन्हा पाच मिनिटं.

“नट पुढच्या खाचेपर्यंत जायला हवा. काढ.”

आता मात्र माझं टाळकं सटकलं. “अहो, तुमच्या चुका निस्तरायला आलोय ना इथं? मग मला कसले धडे देताय?”

“काका, इट्स ओके, आता चालेल की,” मुकुल म्हणाला.

“चालेल असं वहीत लिहीत नाहीत,” हे आतूनच म्हणाले. “काढ, कल्पना.”

काढली. तिसऱ्यांदा घातली. ह्यांनी बघितली, पुन्हा मला आत बोलावलं, प्रत्येक पिन माझ्याकडून ओढवून घेतली आणि माझ्या बोटांकडे आरशातून बघत राहिले. मग बाहेर येऊन वही बॉनेटवर ठेवली. काम करणाऱ्याच्या रकान्यात माझ्याकडून सही करून घेतली आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःची केली. “पहिली सही आता माझी नाही,” एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा रडले असते.

अमृता मुलांना घेऊन जोंगाकडे निघाली तेव्हा ह्यांनी तिला अडवलं. “तुम्ही आमच्या गाडीतून या. ज्यांच्या सह्या आहेत, ते आधी यातून खाली जातील.”

सही माझी होती. इलाज नव्हता. “मग मीच चालवतो,” मुकुल म्हणाला आणि चाकामागे बसला. हे त्याच्या बाजूला, मी ह्यांच्या मागच्या बाकावर. आमच्या छोट्या गाडीत अमृता आणि मुलं, बऱ्याच अंतरावरून मागोमाग.

पहिलं वळण आलं. गाडी वळली. दुसऱ्यालाही वळली. मला त्या नटाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. पाय किती वळवला होता? खाच जुळली होती ना? सत्तावीस वर्षांत मी लाखो सह्या केल्या असतील, त्यातल्या एकीनंही मला असं बाकाच्या टोकावर बसवलं नव्हतं. हे ताठ बसले होते, डोळे रस्त्यावर, डावा हात दाराजवळच्या दांडीवर. किती लहान दिसत होते मागून. मानेवरचे केस पार पांढरे झालेत, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी पुढे वाकले आणि दांडीवरच्या त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवली.

एक वळण गेलं. दुसरं गेलं. ह्यांनी वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, अजून राग आहे. असू दे, राग यायलाच हवा. मी बोटं जरा दाबली. तरी काही नाही. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“अहो,” इंजिनाच्या आवाजात मला ओरडावं लागलं. “हात धरलाय मी तुमचा.”

ह्यांनी खाली पाहिलं. आमच्या दोघांच्या ग्रीसनं माखलेल्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले.

“हो का?” म्हणाले. “मग सांगायचं ना.”

“सांगितलं की आत्ता,” मी म्हटलं, आणि पुढच्या वळणावर पुन्हा सांगितलं.